पौषातला कौल

सध्या माझ्या उजव्या हाताचा अंगठा काळा आहे. फळ्यावर लिहायला हात वर केला की पहिल्या बाकावरच्या मुली आधी अंगठ्याकडे बघतात आणि मग अक्षरांकडे. एकीनं धीर करून विचारलंही, "बाई, भाजलं का हो?" मी म्हटलं, "नाही. तंबाखू खुडली." शाळेच्या मोठ्या बाईंनी तंबाखू खुडली म्हटल्यावर अख्खा वर्ग चिडीचूप झाला. या बेळगावातल्या मुली. तंबाखू त्यांनी आजोबांच्या चंचीत बघितलेली, रानात उभी कधी बघितलेली नाही. तिच्या पानाला चीक असतो, तो बोटांवर राप धरतो, पाण्यानं धुतला तर पाणीच ओघळून जातं आणि तो आपला जागच्या जागी राहतो, हे त्यांना कोण सांगणार? मी तरी सांगितलं नाही. पुढचं गणित फळ्यावर घातलं.

खासबागेत मी राहते त्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट असतो. त्या आवाजात ऋतू कळत नाहीत. पण पौष आला की मला आपोआप कळतं. पहाटे गारठा असतो, दुपारी ऊन चटका देतं, आणि कुठूनसा तो वास येतो, ओल्या तंबाखूचा, कडसर आणि जरासा मधासारखा. इथं खासबागेत तंबाखूचं शेत कुठलं? तरी येतो. मग संक्रांतीच्या सुट्टीला जोडून मी रजा टाकते आणि सर्व्हिस मोटारीनं संकेश्वरवरून निपाणीला जाते. निपाणीपासून आमचं गाव चालत जाण्याजोगं आहे. सगळं जग तिळगूळ वाटून गोड बोलायला निघतं त्या दिवसांत मी माझा राग ताजा करायला गावी जाते. वर्षभर तो कपाटात नीट घडी घालून ठेवलेला असतो. कसर लागू देत नाही मी त्याला.

आमच्या गावात पौष म्हणजे खुडणीचे शेवटचे दिवस. तंबाखूचा शेंडा आधीच मोडलेला असतो, म्हणजे झाडाचा सगळा जोर पानांत उतरतो. पण झाडही हट्टी. शेंडा मोडला की ते पानांच्या बेचक्यांतून फुटवे काढतं. ते फुटवे दिसतील तसे चिमटीत धरून खुडायचे. डाव्या हातानं झाड धरायचं, उजव्या हाताच्या अंगठ्यानं फुटवा मोडायचा. दिवस मावळेपर्यंत उजवा अंगठा काळाकुट्ट होतो आणि डावा हात त्या मानानं स्वच्छ राहतो. दुपारची भाकरी त्याच हातानं खायची, ती कडू लागते. लहानपणी मला वाटायचं, भाकरी पौषात कडूच असते. ऋतूच तसा.

आणखी एक गोष्ट आम्ही अशीच ऋतूवर घातली होती. आमच्या गावदेवीला कौल लावायची पद्धत आहे. मनातला प्रश्न गुरवानं देवीला सांगायचा आणि ज्या घरचा प्रश्न त्या घरच्या वडीलधाऱ्यानं स्वतःच्या हातानं देवीच्या ओल्या अंगावर शेवंतीच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या. एक उजवीकडं, एक डावीकडं. मग हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या गावात उजवं-डावं बघणाऱ्याचं धरतात. ओढ्यापलीकडच्या गावात ते देवीचं धरतात. म्हणजे आमचा नकार तिथं होकार ठरतो. एवढ्याशा ओढ्यानं माणसाचं नशीब फिरतं, आणि दोन्ही गावांतले लोक तितक्याच भक्तीनं मान डोलावतात.

तर पौषात आमची देवी नाहीच म्हणते, असं गावात सगळे धरून होते. पौषात तिचा रुसवा असतो, म्हणायचे. कुणी म्हणायचं, ती माहेरी गेलेली असते. जाणती माणसं पौषात काही विचारतच नसत. लेकराचं बारसं असो की बैलाची खरेदी, "पौष सरू दे, मग इचारू" असं म्हणून थांबत. देवीच्या नकाराचा एक ऋतू आहे हे त्यांनी मान्यच करून टाकलं होतं. का, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

माझे वडील मी लहान असतानाच गेले. घर चालवायचे ते माझे चुलते, आप्पा. त्यांची मुलगी गोदी माझ्यापेक्षा थोडी लहान. आम्ही दोघी एका घोंगड्यात झोपायचो, एका ताटात जेवायचो, आणि भांडलो की ताटात बोटानं रेघ मारून आमटी वाटून घ्यायचो. मी निपाणीच्या शाळेत जात होते, गोदीनं दुसरीतच शाळा सोडली होती. मला वाचायची खोड होती. पुडीचा कागद मिळाला तरी आधी वाचायचा आणि मग गोदीला वाचून दाखवायचा. गोदी ऐकता ऐकता झोपून जायची.

मी लग्नाची झाले तेव्हा संकेश्वरचं एक स्थळ मला बघायला आलं. उसाचा मळा, घरचं गुऱ्हाळ, मुलगा शिकलेला. मुलगी बघायला येणारे चालून दाखव म्हणतात, केस दाखव म्हणतात. यानं खिशातून वर्तमानपत्र काढलं आणि पुढं केलं. मी खाली मान घालून एक बातमी घडाघडा वाचली. कुठल्याशा धरणाची होती. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "छान वाचता." मला तोवर कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. बैलसुद्धा माझ्या हाकेला वळत नसे. त्या एका 'वाचता'वर मी पुढचा आठवडाभर हवेत होते, हे आता या वयात सांगायला मला लाज वाटत नाही.

मंडळींना मुलगी पसंत पडली. आईनं देवापुढं साखर ठेवली. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "देवीला इचारल्याबिगार माझ्या भावाची पोर मी देणार न्हाय."

आई चाचरत म्हणाली, "पौष हाय वो भावजी. माघात इचारू की."

"देवीला खरं बोलायला म्हयना लागतुय व्हय?" आप्पा म्हणाले. देवीवर अविश्वास कसा दाखवायचा?

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. देवळाच्या पायरीवर मला बसवलं होतं. आप्पा खुडणीवरून तसेच आले होते, धोतराला पानांचे तुकडे चिकटलेले. गुरव म्हणाला, "हात धुवून घ्या." आप्पांनी तांब्याभर पाणी हातांवर ओतलं, धोतराला पुसलं. सगळ्यांनी बघितलं. मग त्यांनी उजव्या हातानं उजवीकडं पाकळी दाबली, डाव्या हातानं डावीकडं. गुरवानं गाऱ्हाणं घातलं. माझं नाव घेतलं, संकेश्वरचं नाव घेतलं. मी देवीच्या काळ्या अंगावरच्या त्या उजव्या पिवळ्या ठिपक्याकडे अशी बघत होते की माझ्या बघण्यानंच तो सुटून पडावा. डावी पाकळी हलली, घरंगळली आणि देवीच्या पायाशी पडली.

उजवी दुसऱ्या दिवशीही तिथंच होती. गुरवानं ती नखानं खरवडून काढली आणि गावभर सांगत सुटला, "लई घट धरली बगा देवीनं. साधा नकार न्हवं ह्यो." झालं. मी साधी नाकारलेली राहिले नाही. देवीनं घट्ट धरून नाकारलेली पोरगी झाले. पुढं दुसरं स्थळ आलं नाही. कोण येणार? माणसांनी नाकारलं तर वर बघता येतं. वरूनच नाकारल्यावर कुठं बघायचं?

फाल्गुनात, तंबाखू कापून वाळून घरात आली, हातांचा राप गेला, तेव्हा आप्पांनी त्याच स्थळासाठी गोदीचा कौल लावला. उजवी पडली. चैत्रात गोदीला हळद लागली. ती मीच लावली. माझ्या डोळ्यांत बघून गोदी म्हणाली, "आक्का, तू रागावली न्हाईस न्हवं?" तिचा काय दोष? मी म्हटलं, "येडी हाईस काय?" आणि तिच्या गालाला जरा जोरातच हळद फासली.

आई मात्र शांत होती. ती शेवटपर्यंत एकच म्हणायची, "देवीच्या मनात असंल ते चांगल्यासाठीच असतंय, सरू." भाकरी थापताना म्हणायची, आजारात म्हणायची. आईचं मी सगळं ऐकलं, पण या वाक्याशी माझं कधी जमलं नाही. निपाणीच्या शाळेतल्या बाईंनी तिला सांगितलं की सरूला शिकवा, मास्तरीण होईल, तेव्हा आप्पांनीही अडवलं नाही. नाकारलेल्या मुलीला अडवून ठेवून काय करायचं? मी शिकले, ट्रेनिंग केलं, बेळगावात नोकरीला लागले. आज मोठी बाई झाले.

आणि आता लोक मला काय सांगतात? "बघा बाई, देवीनं तेव्हा नाही म्हटलं म्हणून तुम्ही एवढ्या मोठ्या झालात! तिची योजना आपल्याला कुठं कळते?" माझ्या तोंडावर सांगतात, माझाच चहा पिऊन. कंदिलाखाली डोळे मी जाळले, बिनलग्नाची म्हणून भाड्यानं खोली मिळेना तेव्हा दारोदार मी हिंडले, शाळातपासनीसांपुढं ताठ मानेनं उभी मी राहिले, आणि श्रेय एका पाकळीला! माझ्या वर्गात नापास झालेल्या मुलीनं 'देवाची मर्जी' म्हटलं की तिला मी सगळी गणितं पुन्हा करायला लावते. सगळी. मर्जी कुणाची होती ते उत्तर आलं की कळतं.

मानमोडीचा ताप आला त्या वर्षी गोदीचा नवरा गेला. घराघरांतून माणसं जात होती; संकेश्वरला तर जळण पुरेना असं ऐकलं. गोदी मोकळं कपाळ घेऊन आप्पांच्या घरी परत आली. मूलबाळ नव्हतं. मी भेटायला गेले तर ओसरीवर बसलेल्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजल्या, "देवीला ठावं हुतं बग. सरूला वाचिवलं तिनं." मला त्या बायकांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. मला वाचवलं, मग गोदीला काय केलं? गोदी काय देवीची सावत्र लेक होती? ज्याला माझं भलं म्हणायचं तो खड्डा गोदीच्या दारात खणलेला होता, आणि गोदी आत स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा ठेवत होती.

तोवर माझा राग नुसता होता, त्याला पत्ता नव्हता. देवीवर चिडावं तर आई समोर. नशिबावर चिडावं तर नशीब दिसत नाही. पत्ता मिळाला तो पुढं काही वर्षांनी, एका पौषात. मी सुट्टीला गावी आले होते. गडी कमी होते म्हणून पदर खोचून मीही खुडायला उतरले. शहरात राहून हात मऊ झाले होते. अंगठा काळा झाला तेव्हा मला गंमतच वाटली. घरी आले, तांब्याभर पाण्यानं हात धुतले आणि परसातलं शेवंतीचं फूल केसांत खोवायला तोडलं. फूल खोवलं, पण एक पाकळी अंगठ्याला चिकटून राहिली. मी हात झटकला. पडेना. तुळशीच्या कट्ट्यावर अंगठा पुसला, तर पाकळी कट्ट्याला चिकटली आणि तिथं राहिली. मी फुंकर मारली. हलेना.

मी तशीच परसात उभी राहिले. आई आतून विचारत होती, "काय गं, फूल न्हाय का सापडलं?" आणि माझ्या डोळ्यांपुढून आमच्या गावाचे सगळे पौष जात होते. उजवा अंगठा चिकाचा, डावा बरा. उजवी पाकळी चिकटणार, डावी पडणार. देवीचा रुसवा, देवीचं माहेर! बाया-बापड्यांनी पौषात टाळलेली बारशी आणि मोडलेली लग्नं, सगळी त्या एका बोटाच्या टोकाशी येऊन थांबली. देवी कधी रुसली नव्हती. तिच्या तोंडावर आमचाच चीक होता.

पण आप्पांना हे ठाऊक होतं का? का तेही बिचारे सगळ्यांसारखेच? एवढंच मला कळत नव्हतं, आणि त्यावरच सगळं अडलं होतं. अजाणता झालं असेल तर सूड कुणावर घ्यायचा? जाणूनबुजून केलं असेल तर मात्र मी सोडणार नव्हते. मी कुणाला बोलले नाही. आईलाही नाही, तिच्या भाकरीबरोबरचं ते वाक्य मी काढून घेतलं असतं तर तिनं काय खाल्लं असतं? ती ते वाक्य घेऊनच गेली. मी वाट बघत राहिले. तंबाखू कापल्या दिवशी कुणी ओढत नाही. ती उन्हात पडावी लागते, उलटावी लागते, दंव घेऊन मऊ व्हावी लागते. मला घाई नव्हती.

गेल्या साली आप्पांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. मी त्यांना बेळगावात डॉक्टरना दाखवलं. ते म्हणाले, मिरजेला न्या, काढून टाकतील, दिसायला लागेल. आप्पा घाबरले. उभ्या आयुष्यात ज्या माणसाला मी घाबरलेलं बघितलं नव्हतं, तो खाटेवर बसून डोळ्यांवर हात धरून म्हणत होता, "डोळा कापून घ्यायचा? जित्या माणसाचा?" पण भीती वाटते असं म्हणायची सोय नव्हती, सगळं घर, सगळी भावकी म्हणत होती, जावा. गोदी तर रोज हातापाया पडत होती. मग संक्रांतीच्या आदल्या दिवशी आप्पा म्हणाले, "देवीला इचारू. ती म्हणंल तसं."

भावकीतले म्हणाले, "पौष हाय, आप्पा."

"असू दे. आजच."

मी नुकतीच रानातून आले होते. आप्पांनी आवाजावरून मला ओळखलं. "सरू, माझा हात कापतुय. घरात आता तूच थोरली. कौल तू लाव." मग जरा थांबून म्हणाले, "रानातनं आलीस न्हवं?"

"व्हय."

"हात धुतलास?"

"न्हाय अजून. धुते की."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. येळ नगं घालवू. चल तशीच."

चल तशीच. इतकी वर्षं ज्या उत्तराची वाट बघितली ते मला त्यांनी असं ओंजळीत टाकलं. त्यांना नकार हवा होता आणि नकार कसा मिळतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज ठाऊक होतं म्हणजे तेव्हाही ठाऊक होतं. मला असा आनंद झाला की हसू दाबावं लागलं. मी त्यांचा हात धरून त्यांना देवळात नेलं. अगदी जपून, ठेच लागू न देता.

देवीपुढं उभी राहिले तेव्हा माझ्या हातात दोन्ही होतं. उजवी चिकटवली असती तर देवी नाही म्हणाली असती आणि आप्पा सुखानं आंधळे राहिले असते. गावानं मान डोलावली असती. पण मला आप्पा आंधळे नको होते. आंधळ्या माणसाला काय दाखवणार? मी हात फुलीसारखे फिरवले. काळ्या अंगठ्यानं डावी पाकळी दाबली, चांगली दाबली. स्वच्छ बोटानं उजवी नुसती टेकवली. आणि मनात म्हटलं, बाई, तुला हे पसंत नसेल तर पाड डावी. तुला कोण अडवतंय?

उजवी पडली. गुरव आता म्हातारा झालाय, तो ओरडलाच, "पौषात होकार! देवी हसली!" लोकांनी हात जोडले. आप्पांच्या तोंडावरचा रंग उडाला. ते नुसते "आँ? आँ?" करत होते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि आईच्याच आवाजात, आईच्याच ठेक्यात म्हणाले, "देवीच्या मनात असंल ते चांगल्यासाठीच असतंय, आप्पा." ते वाक्य तोंडात इतकं गोड लागेल असं मला वाटलं नव्हतं.

चैत्रात ते मिरजेला गेले. जाताना कोकरासारखे थरथरत होते. देवीनं सांगितलेलं, नाही कसं म्हणणार? परत आले ते जाड भिंगाचा चष्मा लावून, आणि गोदीच्या तोंडाकडे बघून रडले. तिचे केस पांढरे झालेले त्यांना ठाऊकच नव्हते म्हणे.

आता यंदाचा पौष. सगळीकडे इंग्रज जाणार याच्या गप्पा. ते आले तेव्हाही देवाची इच्छा म्हणणारे लोक होते, आता जाणार तर तीही त्याचीच इच्छा म्हणतात. मी गावी पोचले त्या दिवशी आधी रानात गेले. अंगठा काळा होईपर्यंत खुडलं आणि मग घरी आले. आप्पा ओसरीवर उन्हात बसले होते. एकटेच. मला बघून त्यांनी चष्मा सारखा केला. वर्षभर त्यांच्या मनात काहीतरी खदखदत असणार, कारण तिळगूळ हातात ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "सरू, गेल्या साली त्वा हात धुतला न्हवतास न्हवं?"

"न्हाय."

"मग उजवी पडली कशी?"

मी त्यांच्यासमोर बसले. "आप्पा," मी म्हटलं, "हात धुतला न्हाय तर उजवी पडत न्हाय, हे तुमाला कुणी सांगितलं?"

परसात कोंबड्या माती उकरत होत्या. मी अंगठा त्यांच्या भिंगांपुढं धरला, इतका जवळ की त्यांना त्यावरची प्रत्येक रेघ दिसावी. "ह्या अंगठ्यानं डावी लावली मी. तुमी उजवी लावली हुती."

त्यांनी आत चुलीच्या दिशेनं बघितलं. मग म्हणाले, "गोदीला कोण बघायला येत न्हवतं. तू वाचणारी. तुला धा स्थळं आली असती, वाटलं." आवाज खाली आला. "आणि पोरी, तुझंच करायचं असं देवीच्या मनात असतं, तर माझ्या चिकाला तिनं काय दाद दिली असती? पाडली असती की तिनं उजवी."

मला बोलायचं खूप होतं. वर्षानुवर्षं पाठ केलेलं. पण हे ऐकून माझी जीभ अडली, कारण गेल्या पौषात देवीपुढं उभी राहून मी तेच म्हटलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. आप्पांचा चीक माझ्या बोटाला लागला होता. देवीच्या मनात तेव्हा काय होतं आणि गेल्या साली काय होतं हे मला आता कधीच कळणार नाही. ती खरंच काही बोलणार होती की नाही, कोण जाणे. आम्ही दोघांनी तिला बोलूच दिलं नाही. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर आधी हात धुवावे लागतात. ते ना त्यांनी केलं, ना मी. पण मला वाईट वाटलं म्हणाल, तर नाही वाटलं. एवढंच वाटलं की उसनं परत केलं, आणि त्याच नाण्यात केलं.

आप्पांनी माझा हात धरला. भिंगांमागं डोळे मोठे मोठे दिसत होते. "गोदीला बोलू नगंस, सरू. काय बी कर. पर तिला कळाय नगं, तिचं लगीन असं झालं म्हणून."

म्हणजे इथं दुखत होतं. माझ्यासाठी त्यांना कधी काही वाटलं नाही. त्यांची सगळी भीती आत चुलीपाशी बसली होती. आणि ती आतून बाहेर आली, पदराला हात पुसत. "काय बगताय दोघं?" गोदी म्हणाली. मग माझा अंगठा बघून, "अगं बाई! ह्यो कसा केलास गं हात, आक्का? शाळंत जानार हाईस न्हवं असल्या हातानं?"

आप्पांनी माझं मनगट घट्ट दाबलं. मी त्यांच्याकडे बघितलं. एक वाक्य पुरे होतं. माझ्या जिभेच्या टोकावर होतं ते.

गोदी आत जाऊन चुलीतली राख आणि तेलाची वाटी घेऊन आली, आणि आमच्यामध्ये बसली. तिनं माझा हात आप्पांच्या हातातून सोडवून आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याला तेल चोपडलं, राख लावली आणि घासायला लागली. लहानपणी घासायची तशीच, जीभ दातांत धरून.

"ह्यो चीक लई वंगाळ बग," ती घासता घासता म्हणाली. "एकदा धरला की सोडतच न्हाय. पाण्याला तर दादच देत न्हाय. न्हवं का वो, आप्पा?"



"आप्पांना काय इचारतीस?" मी म्हटलं. "पर त्यांना आता लख्ख दिसतंय, गोदे. बघू दे त्यांना."

गोदी हसली. तिला वाटलं मी तिच्या बापाच्या डोळ्यांचं कौतुक करते आहे. तिनं राखेची आणखी एक चिमूट घेतली. मी हात सोडवून घेतला नाही. तिचं पांढरं डोकं माझ्या काळ्या अंगठ्यावर वाकलेलं होतं, आणि आप्पा बघत होते. डोळे मिटून घ्यायचीही त्यांची छाती झाली नाही. पुरता राप काही निघाला नाही. मी मुद्दाम म्हटलं, "ऱ्हाऊ दे गं. ऱ्हायलेला पुढच्या पौषात काढ."